आधी कागद बुडवायचा

कॅमेऱ्यांना बोलता येत होतं, त्या काळची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर एक मोठा कॅमेरा समुद्राखालचे फोटो काढायला निघाला. होता नवशिका, पण मिजास सरदाराची. सगळी पुंजी त्याने लांबलचक लेन्सवर उधळली आणि पाण्यात त्याला जपणारी पेटी मात्र बाजारातली सर्वांत स्वस्त उचलली.

पेटी म्हणाली, "साहेब, आधी मला रिकामी बुडवा. आत नुसता कागद ठेवा. तो कोरडा निघाला, तर तुम्ही या. नव्या पेटीची हीच रीत आहे."

"म्हणजे माझ्याआधी कागद समुद्र बघणार?" कॅमेरा फणकारला. "माझी लेन्स बघितलीस का?"

"लेन्सने पाणी अडत नाही, साहेब."

"तू स्वस्तातली, म्हणून घाबरतेस."

लेन्स लाडाने हसली. तिला घेऊन कॅमेरा रुबाबात पेटीत शिरला आणि पेटी पाण्यात उतरली. झाकणाच्या रबरात वाळूचा कण अडकला होता. तिथून पाणी आत आलं. कॅमेऱ्याने घाबरून एकच फोटो काढला आणि तो कायमचा बंद पडला.

फोटोत मासा नव्हता, प्रवाळ नव्हतं. पेटीत चढत आलेलं पाणी तेवढं होतं. गंजलेली लेन्स अजूनही सगळ्यांना सांगत असते, की फोटो मात्र अगदी सुस्पष्ट आला होता.