आग्रहाचा चार्जर

फार जुनी नाही, धूर ओढायच्या नळ्या विजेवर चालू लागल्या तेव्हाची गोष्ट. अशाच एका नळीत एक बॅटरी राहायची. तिचा स्वतःचा छोटा चार्जर होता. तिचं पोट भरलं की तो वाढणं थांबवायचा. बॅटरीला तो मेला चिक्कू वाटायचा.

एकदा मोबाईलचा दांडगा चार्जर तिला म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे या जेवायला. आम्ही पंगतीत वाढावं तसं आग्रह करकरून वाढतो!"

बॅटरी हुरळली आणि त्याची वायर जोडून थेट पलंगावरच्या गादीवर जाऊन बसली.

"अगं, तो तुझ्या मापाचा नाही," छोटा चार्जर ओरडला. "आणि निदान फरशीवर तरी बस!"

"पाहुण्यांनी फरशीवर बसायचं?" तिने नाक मुरडलं.

"आणखी थोडं!" दांडगा वाढत राहिला. "आमच्या शब्दाखातर!"

बॅटरी तापली, फुगली. पण एवढ्या दिलदार यजमानाला नको कसं म्हणायचं? शेवटी ती फाटकन फुटली.

धूर निवळल्यावर दांडगा चार्जर भिंतीवरूनच म्हणाला, "वहिनींना जेवण जरा जड गेलं वाटतं."

"वाढलंस तू, जेवली ती," अर्धी जळालेली गादी म्हणाली, "मग पोट माझं का जळलं?"