चिरलेली नळी

“तुमाले दिसत नाही का बाबा, नळी गळून रायली थे?”

इथूनच सांगतो. आधीचं विचारू नका. एवढंही सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण ‘तू तिथे होतास, तूच सांग’ म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं. होतो मी तिथे. म्हणून काय गुन्हा केला?

विचारणारा दलसू. नागपुरात गॅरेजात काम करून आलेला. चैतूबाबांकडे मोहाची दारू गाळायला शिकत होता. आमच्याकडे देवाला लागते ती, आणि ती चैतूबाबांच्याच भट्टीची असावी असं आजूबाजूची गावंही मानायची.

भट्टी साधीच. चुलीवर मोहाचं मडकं, तिथून निघालेली बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाला पाण्यात बसवलेलं दुसरं मडकं. नळीला मधोमध चीर होती. तिच्यातून थेंब थेंब खालच्या दगडावर पडायचा.

“दिसते,” बाबा म्हणाले.

“मंग?”

“मंग काय... गळू दे.”

ऐकेल तो दलसू कसला! बाबा बाजाराला गेले तेव्हा त्याने बांबू काढून तांब्याची नळी बसवली. सांधे कणकेने लिंपले. दुसऱ्या मडक्याभोवती गार पाणी सारखं फिरत राहील अशी सोय केली. हुशार आहे पोरगा, नाही म्हणत नाही. हुशारीने हातांना खाज सुटते, एवढंच.

बाबा आले. नवी धार बघितली. म्हणाले, “लाकडं आणतो.”

“चूल भरून हाय ना बाबा!”

बाबा गेलेच. बऱ्याच वेळाने आले, रिकाम्या हाताने. वाकून दगडावर तळवा ठेवला.

“कोरडा हाय,” दलसू हसला. “एक थेंब वाया गेला नाही. आता तरी म्हणा, शिकला दलसू!”

बाबा खालीच बसले...

मग मीच दलसूला बाजूला ओढला आणि खडसावून सांगितलं. बाबा तर कधी बोलायचे नाहीत.

बाबांचा एकुलता एक मुलगा मंगरू. गावजेवणात त्याने मला ‘फुकट्या म्हातारा’ म्हटलं आणि सगळ्यांदेखत पानावरून उठवलं. बाबा त्याला म्हणाले, “याची माफी माग. तवरक माह्या हातचा घोट भेटणार नाही तुले.” पोरगा ताठ. म्हणाला, “मंग तुह्या हातचं मले काहीच नोको.”

बापलेकांचं बोलणं बंद झालं. तरी भट्टी लागली की मंगरू यायचा, त्या दगडापाशी बसायचा. बाबा लाकडं आणायला उठले की हा चिरेखाली ओंजळ धरायचा. चूल भरलेली असली तरी बाबा उठायचे. हळू चालायचे. वळून बघायचे नाहीत.

त्याच पावसाळ्यात मंगरू नाल्याच्या पुरात गेला.

दलसूचं तोंड उतरलं. त्याने पळसाचा द्रोण नव्या धारेखाली धरला, काठोकाठ भरला आणि बाबांसमोर आणला.

“बाबा, हे ओता ना दगडावर. थेंबाथेंबाने काय होते? पोटभर द्या त्याले.”

बाबांनी द्रोण घेतला. दगडावर नेला. हात तिथेच थांबला...

धार आपली पडत होती.

बाबांनी भरलेला द्रोण तसाच दलसूच्या हातात परत दिला.

“हाताने देल्लं तं घेत नाही थो.”

सरपणात फेकलेली जुनी नळी मीच शोधून आणून दिली. नाहीतर माझं काय अडलं होतं? मला एकाकडून अजून माफी यायची आहे. मंगरूकडून.