फुटपाथच्या बाजूचं चाक

गाड्यांची चाकं बोलायची तेव्हाची गोष्ट. साताऱ्यात दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात एका मोटारीची चार नवी चाकं आली. आतल्या ब्रेकला वारा लागावा म्हणून त्यांचे आरे पंख्याच्या पात्यांसारखे तिरके होते आणि कुठल्या दिशेनं फिरायचं, त्याचा बाण प्रत्येकावर कोरलेला होता.

त्यातल्या उजवीकडे बसवायच्या एका चाकाला मिरवायची भारी हौस. "फुटपाथ डावीकडे, बघणारी माणसंही डावीकडे. मी तिथंच बसणार!" म्हणत त्यानं डाव्या जोडीदाराला उजवीकडे ढकललं. मिस्त्रींनी गप्पांच्या नादात बाण न बघताच नट आवळले.

गावातून जाताना चाकाचा काय तो थाट! पण घाटाच्या उतारावर आतला ब्रेक कळवळला, "अरे, तू उलटं फिरतंयस! वारा येईना, भाजून निघालो मी!" जळका वास सुटला, मागच्या सीटवरची पोरं रडू लागली. मालकीणबाईंनी गाडी कशीबशी थांबवली आणि मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"बाण मागं बघतोय की! माझंच चुकलं," म्हणत मिस्त्रींनी दोन्ही चाकं आपापल्या बाजूला बसवली.

उजवीकडे नुसती धूळ. पुन्हा उतार लागला तसं चाकानं कुरकुरत विचारलं, "बघतंय का रे कुणी माझ्याकडं?"

"कुणीच नाही," तिकडचा गारेगार ब्रेक हळूच म्हणाला. "पोरं गाढ झोपलीत."

चाक मग आवाज न करता फिरत राहिलं.