काठी जागची हलली नाही

मुलांनो, दूर जावा बेटावर, डोंगरांच्या कुशीतल्या एका मोठ्या तळ्याकाठी एक लहानसे खेडे होते आणि त्या खेड्यात एक म्हातारी बदकीण राहत असे. ती फार तिरसट आहे असे सगळा कळप म्हणे. आता खरे सांगायचे तर ती जन्मतः तिरसट नव्हती. तिला तसे करण्यात कळपाचाच मोठा वाटा होता, हे तुम्हाला पुढे कळेलच.

त्या गावात बदके राखायची एक रीत होती. भाताची कापणी झाली की तुकिमिन नावाचा बदकवाला रोज सकाळी आपला कळप खाचरात घेऊन जाई. त्याच्या हातात एक बारीक, लांब बांबूची काठी असे आणि तिच्या टोकाला पांढरी चिंधी बांधलेली असे. खाचरात काठी रोवायची आणि खुशाल आपल्या कामाला निघून जायचे. बदके दिवसभर त्या काठीभोवती सांडलेले दाणे आणि गोगलगायी टिपत राहत. संध्याकाळी तुकिमिन येऊन काठी उपटेपर्यंत ती कुठेही जात नसत. पिल्लू चालायला लागले की त्याला आधी ती चिंधी ओळखायला शिकवत. काठी जिथे आपण तिथे, एवढे एकच शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ होते.

आता त्या तळ्यात जलपर्णी बेसुमार माजली होती. तिच्या मुळांचा गुंता होई, त्यावर गाळ साचे, गवत उगवे आणि पाण्यावर तरंगणारे मोठमोठे थर तयार होत. असा एखादा थर वाऱ्याने काठाला येऊन चिकटला की जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते ओळखू येत नसे. म्हणून गावातली माणसे आधी पाय आपटून बघत आणि मगच पुढे जात. पण एके दिवशी गावजेवण होते, भात शिजवण्याचे काम तुकिमिनकडे होते आणि त्याला उशीर झाला होता. खाचराच्या पलीकडे हिरवेगार गवत दिसले, तिथे त्याने काठी रोवली आणि तो धावत सुटला. पाय आपटायचे तेवढे राहून गेले.

दुपारी वारा फिरला. तो गवताळ थर काठापासून सुटला आणि काठी, चिंधी व सगळा कळप घेऊन हळूहळू तळ्यात निघाला.

बदकिणीच्या ते लक्षात आले काठावरच्या फणसामुळे. सकाळी त्या फणसाची सावली तिच्या अंगावर पडली होती आणि आता पाहते तो फणस लांब जाऊन कोथिंबिरीच्या जुडीएवढा झालेला. वारा त्यांना नेत होता पलीकडच्या लव्हाळ्याकडे आणि त्या लव्हाळ्यात बदके गिळणाऱ्या पाणघोरपडी राहत. उन्हे कलली की त्या बाहेर येत. लहानपणी तिची सख्खी बहीण तिकडे गेली होती, ती परत आलीच नव्हती.

ती धावत कळपाच्या पुढाऱ्याकडे गेली. हा पुढारी म्हणजे एक लठ्ठ बदक होते. गोगलगायीही ते असे गंभीरपणे गिळे की बघणाऱ्याला वाटावे, कळपावर उपकार करते आहे. आपण वाहत चाललो आहोत, काठ दूर जातो आहे, अजून वेळ आहे तोवर पोहत परत फिरू, असे तिने त्याला धापा टाकत सांगितले.

लठ्ठ बदकाने मान वळवून काठीकडे पाहिले. "आजी, सकाळी काठी माझ्यापासून चार पावलांवर होती. आताही चार पावलांवर आहे. काठी जागची हललेली नाही."

"अरे बाबा, काठीसुद्धा वाहतेय आपल्याबरोबर. तू त्या फणसाकडे बघ ना जरा."

"फणसाकडे बघायला आपल्याला कुणी शिकवलंय?" लठ्ठ बदक म्हणाले. "आणि राग मानू नकोस, पण तुझी बहीण मेली ती काठी सोडून गेली म्हणूनच ना?"

बाकीच्या बदकांनी माना डोलावल्या. बहीण काठी सोडून गेली होती हे खरे होते आणि खऱ्या गोष्टीचा असा उपयोग झाला की माणसाला काय, बदकालाही उत्तर सुचत नाही. मग ती एकेकाला वेगळे गाठून समजावू लागली. एक म्हणाले, गोगलगायी इथे चांगल्या आहेत. एक म्हणाले, सगळे निघाले तर मीही निघेन. पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून तिची चोच दुखू लागली.

थराच्या कडेला एक बगळा मासे टिपत उभा होता. त्याची मान उंच, त्याला चारी दिशा दिसत होत्या. बदकिणीने त्याला हाताशी धरायचे ठरवले आणि कळपासमोर आणून विचारले, की बाबा रे, आपण वाहतो आहोत की नाही ते तूच सांग. पण बगळा पडला त्या गावचा, जिथे कुणाला तोंडावर नाही म्हणणे मोठा उद्धटपणा समजत. तो अदबीने मान लववून म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. आणि काठी जागेवर आहे हेही बरोबर आहे." एवढे बोलून त्याने लव्हाळ्याकडे एकदा पाहिले, पंख पसरले आणि तो सावकाश काठाकडे उडून गेला. हा जर बघायचे ते बघून उडाला, तर आपणही समजावे की नाही? छे. कळपाने ऐकले ते फक्त काठी जागेवर आहे एवढेच.

मग मात्र बदकिणीचा संताप संताप झाला. मरा तिकडे, असे म्हणून तिने पाण्यात उडी टाकली आणि ती एकटीच काठाकडे पोहू लागली. थोडे अंतर गेल्यावर तिने मागे पाहिले. तिने स्वतःच्या पोटाखाली उबवलेली कितीतरी पिल्ले त्या कळपात होती. आता चांगली थोराड झालेली, पण अक्कल तेवढीच. ती सगळी चिंधीखाली दाटीने बसून गोगलगायी टिपत होती आणि त्यांच्या पलीकडे लव्हाळे आता चांगले हिरवे दिसत होते. त्या हिरव्यातून काहीतरी लांबट आणि काळे पाण्यात उतरले.

बदकीण परत फिरली. स्वतःला आणि सगळ्या कळपाला शिव्या देतच ती थरावर चढली. या वेळी ती कुणाशी काही बोलली नाही. तडक काठीपाशी गेली आणि चोचीने तिच्या बुंध्याचा गाळ उकरू लागली. मुळांचा चिखल मऊ होता. काठी कलली आणि धपकन आडवी झाली. बदकिणीने चिंधी चोचीत घट्ट धरली आणि काठी ओढत ती पाण्यात उतरून काठाच्या दिशेने पोहू लागली.

मागे एकच गिल्ला झाला. चोर, घातकी, म्हातारचळ लागलेली, असे म्हणत सगळा कळप पाण्यात उतरला आणि काठीच्या मागे लागला. काठी जिथे आपण तिथे. सबंध वाटभर ते तिला बोलत होते. तिच्या बहिणीचा उद्धार झाला, तिच्या आईचा झाला. बदकिणीला एकेकाला द्यायला अशी उत्तरे सुचत होती की ऐकणाऱ्याची पिसे गळावीत, पण चोच उघडली तर चिंधी सुटणार होती. तिच्यासारख्या तोंडाळ बदकिणीला वाऱ्याविरुद्ध पोहण्यापेक्षा हे गप्प राहणे जड गेले. मागच्या थरावर दोन पाणघोरपडी चढल्या आणि रिकाम्या गवतात तोंड घालून फिरू लागल्या. ते कुणी पाहिले नाही. सगळ्यांची नजर काठीवर होती.

दिवस मावळताना ती फणसाखाली पोचली आणि काठी काठावर टाकून तिथेच आडवी झाली. कळप काठीभोवती जमला. लठ्ठ बदकाने पंख झटकले, घसा साफ केला आणि सगळ्यांना समजावून सांगितले की आज मोठे संकट आले होते, पण आपण काठी सोडली नाही म्हणून वाचलो. मग ते बदकिणीकडे वळून म्हणाले, "आजी, तू काठी उपटलीस तरी आम्ही तिला अंतर दिलं नाही. बघ, शिक काहीतरी."

बदकिणीने डोळे मिटून घेतले.

गावजेवण आटोपून तुकिमिन आला. त्याने आडवी पडलेली काठी पाहिली, फाटलेली चिंधी पाहिली, मग जिथे सकाळी हिरवे गवत होते तिथले उघडे पाणी पाहिले. नंतर त्याने म्हातारीला उचलून काखेत घेतले आणि घरापर्यंत तसेच नेले. दुसऱ्या दिवसापासून तो जमिनीवर दोनदा पाय आपटूनच काठी रोवू लागला.

बदके मात्र होती तशीच राहिली. बदकीण आता काठीकडे पाठ करून बसते, हा काठीचा अपमान आहे, अशी तक्रार घेऊन लठ्ठ बदक तिच्याकडे आले. बदकिणीने मान वळवली नाही.

"तुम्ही काठीवर नजर ठेवा बाळांनो," ती म्हणाली. "मी फणसावर ठेवते. फणसाकडे बघणारं कळपात एक तरी लागतं."

तात्पर्य : जी खूण आपल्याबरोबरच वाहत चालली आहे, ती बघून आपण कुठे आहोत ते कळत नाही, त्यासाठी काठाकडे बघावे लागते. आणि जो काठाकडे बघतो, त्याने आभारांची वाट बघू नये.