झोपाळ्यावरची डाळ

तापीच्या काठी एका गावात छबीलदास नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. गाव असं, की अर्धं मराठी बोलायचं, अर्धं गुजराती, आणि भांडण लागलं की सगळं गाव दोन्ही बोलायचं. छबीलदास तसा भला माणूस. कापड मोजताना कधी वीतभरही कमी दिलं नाही, दारातून कुणाला उपाशी धाडलं नाही. खोड म्हणाल तर एकच. डाळीतलं आपल्याइतकं या पृथ्वीवर कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

आता ही डाळ म्हणजे आपलं वरण नव्हे बरं का, आणि आमटी तर नव्हेच. गुजराती घरातली डाळ. तूरडाळ मऊ शिजवायची, रवीने घुसळून एकजीव करायची, पाणी घालून चांगली पातळ करायची. मग गूळ, आमसूल, आलं आणि मूठभर शेंगदाणे घालून उकळायला ठेवायची. वरून तुपाची फोडणी, त्यात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, दालचिनी, लवंग. गोड म्हणावी तर आंबट लागते, आंबट म्हणावी तर तिखट. छबीलदासच्या घरी तर पाहुणे भात संपला तरी वाटी तोंडाला लावून बसत.

ही डाळ करायची त्याची बायको, रेवाबेन. पण छबीलदासला विचाराल, तर डाळ करायचा तो स्वतः. झोपाळ्यावर बसून.

रोज सकाळी पूजा आटोपली की तो माजघरातल्या झोपाळ्यावर बसे. पायाने जमिनीला रेटा देई, कड्या कुरकुरत, आणि समोर स्वयंपाकघरात डाळ उकळायला लागली की याचं तोंड सुटे.

"रेवा, वासावरून सांगतो, गूळ कमी आहे. अजून एक खडा टाक!"

"हो, टाकते," आतून आवाज येई. पाठोपाठ दुसरा आवाज येई, टण्! छबीलदास समाधानाने मान डोलावी. पडला गूळ.

चार झोके झाले की, "आता आंबट उतरलं. दोन आमसुलं टाक!"

"हो, टाकते." टण्!

"आता पुन्हा गूळ! आणि फोडणीचा एक हात अजून होऊ दे! आणि उकळू दे, उकळू दे, घाई करू नकोस!"

"हो." टण्! टण्!

असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. डाळ उत्तम झाली की छबीलदास म्हणे, "बघ, माझं ऐकलंस म्हणून." आणि वर्षातून कधी एखाद्या दिवशी थोडी फिकी झाली, तर म्हणे, "हिने ऐकलं नाही." दोन्ही वाक्यं त्याला इतकी पाठ झाली होती, की तोंड आपोआपच उघडे.

त्यांना एक मुलगी होती, जसुमती. सुरतेच्या त्रिभुवनदासांच्या मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा जसुमतीला आवडला होता, आणि ती त्याला. फक्त मुलाच्या आईवडिलांनी एकदा घरी येऊन जेवायचं आणि नारळ द्यायचा, एवढंच उरलं होतं. नारळ हातात पडला की लग्न पक्कं, अशी त्यांच्यात रीत होती.

छबीलदास स्वतः सुरतेला जाऊन त्यांना जेवणाचं आमंत्रण देऊन आला. आल्या आल्या झोपाळ्यावर बसून त्याने फुशारकीने सगळी हकिकत सांगितली.

"मी म्हटलं, त्रिभुवनभाई, आमच्या घरची डाळ खाल तर सुरत विसराल! ते म्हणाले, वहिनींच्या हाताला चव दिसते. मी म्हटलं, छे हो! चव माझ्या जिभेची. हिचं काय, ही नुसती पळी हलवते. पळी काय, कुणीही हलवेल!"

आणि तो खदाखदा हसला. जसुमती हसली नाही. तिने आईकडे पाहिलं.

रेवाबेनला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरात बोलला असता तर तिने नेहमीसारखं सोडून दिलं असतं. पण हा परक्या गावात, होणाऱ्या व्याह्यांसमोर बोलून आला होता. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती पळी घेऊन बाहेर आली, ती झोपाळ्यावर बसलेल्या नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "उठा."

"म्हणजे?"

"पळी कुणीही हलवेल ना? हलवा. भात, भाजी, पुऱ्या मी करून ठेवल्यात. डाळ तेवढी तुमची."

छबीलदास गांगरला. पण माघार घेईल तो छबीलदास कसला! "त्यात काय मोठं!" म्हणून तो तडक आत गेला. रेवाबेन त्याच्या झोपाळ्यावर बसली आणि तिने पायाने हळूच रेटा दिला.

"रेवा, मोहरी कुठे आहे?" आतून पहिली आरोळी आली.

"अठ्ठावीस वर्षं जिथे आहे तिथेच."

पुढची आरोळी अर्ध्या घटकेने आली, "सापडली!" मोहरीच्या डब्यात मोहरीच होती, पण तोवर त्याने मेथी, ओवा, खसखस आणि जसुमतीच्या केसांच्या काट्यांचा डबा उघडून पाहिला होता. तूरडाळ शिजली ती मात्र बरी शिजली. रवीने घुसळताना निम्मी भिंतीवर गेली, निम्मी तपेल्यात राहिली. छबीलदासने धोतराला हात पुसले, पाणी ओतलं, आणि डाळ उकळू लागली.

आता आलं त्याचं खरं काम. त्याने डोळे मिटले, वास घेतला आणि सवयीने मोठ्याने स्वतःलाच हुकूम सोडला, "गूळ कमी आहे! अजून एक खडा!" मग स्वतःच मोठा थोरला खडा उचलला आणि टाकला.

डुबुक!

छबीलदास थबकला. हा कसला आवाज? गूळ पडला की टण् असा आवाज होतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं ऐकलेला आवाज तो. त्याने तपेल्यात डोकावून पाहिलं. खडा तर पडला होता. असेल बुवा, गूळ ओला असेल, असं म्हणून तो कामाला लागला.

मग दोन आमसुलं. मग पुन्हा गूळ, डुबुक. फोडणीचा एक हात अजून. मग आंबट उतरलं म्हणून दोन आमसुलं. मग पुन्हा गूळ. आणि उकळू दे, उकळू दे, घाई नको! रोज झोपाळ्यावरून जे जे सांगायचा ते ते त्याने केलं, तेवढंच केलं, त्याच वेळी केलं. एक कणही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. चव घेऊन पाहायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. वासावरून सांगणाऱ्या माणसाला चव कशाला लागते?

तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली. त्रिभुवनदास आले, आणि त्यांच्यामागून त्यांची बायको जडावबेन, लाल कपड्यात गुंडाळलेला नारळ कुशीत धरून. पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची मागून, ही तिथली पद्धत. पण जडावबेनने स्वतःचा पाट नवऱ्याशेजारीच मांडून घेतला. "इतकी वाखाणलेली डाळ आहे. मी काय थंड खाऊ?"

रेवाबेन पुऱ्या वाढून घाईघाईने आत वळली. तिच्या मनात काहीतरी होतं. पण छबीलदासने तपेलं आधीच उचललं होतं. "कुणी हात लावायचा नाही! आज डाळ मीच वाढणार!" रेवाबेन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

छबीलदासने पळी तपेल्यात घातली. पळी उभी राहिली. तिने पडायचं नाव घेतलं नाही. त्याने ती ओढली, तेव्हा डाळ पळीबरोबर सबंध वर आली आणि वाटीत धप्पकन बसली. शेंगदाणे एकमेकांना असे चिकटले होते, की संक्रांतीला चिक्की म्हणून खपले असते.

त्रिभुवनदासांनी एक घास घेतला. त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग मिटले. जडावबेनने बोट बुडवून चाटलं आणि त्या पाण्याचं भांडं शोधू लागल्या. नारळ त्यांच्या मांडीशीच होता. त्यांनी तो लाल कपडा जरा घट्ट गुंडाळून घेतला. जसुमतीने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

छबीलदासने वाटीतली थोडी डाळ जिभेवर ठेवली. अरे देवा! आधी काकवी, मग चिंचेचा कोळ, आणि शेवटी जळकी लवंग. त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. असं कसं झालं? जे रोज सांगतो तेच तर टाकलं!

आणि मग त्याच्या कानात तो आवाज घुमला. डुबुक. टण् नव्हे, डुबुक! त्याने सावकाश मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. चुलीशेजारी गुळाचा पितळी डबा होता. डब्यावर झाकण होतं. झाकणाच्या मधोमध एक खळगा पडला होता, पळी आपटून आपटून पडतो तसा. अठ्ठावीस वर्षांचा खळगा.

"काय शेठ," त्रिभुवनदास घसा साफ करत म्हणाले, "डाळ आज जरा... नेहमी अशीच असते का?"

पाहुण्यांना काय माहीत, आज चुलीपाशी कोण होतं! सुरतेत त्याने केवढी बढाई मारली होती. आता एक वाक्य बोललं की सुटका होती, आणि ते वाक्य त्याला पाठ होतं. छबीलदासचं तोंड आपोआप उघडलं.

"हिने ऐकलं नाही," तो म्हणाला.

दारात रेवाबेनने मान खाली घातली. ती रागावली असती तर छबीलदास कदाचित पुढेही तसाच रेटत गेला असता. पण तिने नुसती मान खाली घातली, आणि याची नजर पुन्हा झाकणावरच्या खळग्याकडे गेली. या बाईने रोज आपल्याला उत्तम डाळ खाऊ घातली, आणि ती आपणच केली असा आनंदही रोज खाऊ घातला. आणि आपण तिला काय दिलं?

"हिने ऐकलं नाही," तो पुन्हा म्हणाला. "त्रिभुवनभाई, हिने अठ्ठावीस वर्षं माझं ऐकलं नाही, म्हणून या घरात डाळ चांगली झाली. आज पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकलं. मीच ऐकलं. त्याचं हे असं झालं! ही डाळ माझ्या हातची आहे. सुरतेत मी जे बोललो ते खोटं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धरा, माझ्या पोरीवर धरू नका."

त्रिभुवनदासांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जडावबेनने त्यांना कोपराने गप्प केलं आणि त्या थेट रेवाबेनकडे वळल्या.

"वहिनी, तुम्ही काय करत होतात? हे हुकूम सोडायचे तेव्हा?"

"डब्याच्या झाकणावर पळी वाजवायचे," रेवाबेन हळूच म्हणाली.

"अगंबाई! मी नुसता डबा उघडते आणि लावते. पळी सुचलीच नाही मला!"

"काय?" त्रिभुवनदास ओरडले. "म्हणजे मी जे सांगतो ते..."

"तुम्ही जेवा हो," जडावबेन म्हणाल्या. मग त्यांनी मांडीशी ठेवलेला नारळ उचलला आणि उठून तो जसुमतीच्या ओंजळीत ठेवला. "डाळ कुणाच्याही घरी बिघडते. बिघडल्यावर जो आपलं नाव सांगतो, त्याच्या घरची मुलगी मला हवी. आमच्याकडे असं बोलणारं अजून कुणी निघालं नाही. ही पोर शिकवेल."

जसुमती रडता रडता हसली. आणि रेवाबेन मागच्या पडवीतून एक झाकलेलं तपेलं घेऊन आली. झाकण काढताच घरभर वास सुटला. पातळ, सोनेरी, वर तुपाचे बारीक थेंब. शेंगदाणे सगळे सुटे. मागच्या चुलीवर तिने पहाटेच करून ठेवली होती. वाढायच्या वेळी तपेली बदलायची, एवढाच तिचा बेत होता.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मी बिघडवणार ते?" छबीलदासने विचारलं.

"माझा तुमच्यावर विश्वास होता," रेवाबेन म्हणाली.

त्या दिवशी त्रिभुवनदास पाच वाट्या डाळ प्यायले. पण ते कसल्यातरी विचारात होते. लोक सांगतात, की परतीच्या वाटेवर ते गाडीत सारखे विचारत होते, "कढीतही नाही? खिचडीतही नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून छबीलदास झोपाळ्यावर बसला. आत डाळ उकळू लागली. वास आला, आणि सवय ती सवय, याचं तोंड उघडलं. "रेवा, गूळ..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली आणि तोंडावर हात ठेवला.

आतून आवाज आला, टण्!

छबीलदास इतका हसला, की झोपाळ्यावरून पडता पडता राहिला. मग तो उठला, आत गेला, आणि भिंतीवरची कालची वाळलेली डाळ खरवडायला बसला.

तात्पर्य: झोपाळ्यावर बसून हुकूम सोडणाऱ्याने आपल्यामुळे डाळ चांगली होते असं समजू नये; चांगली झाली तर चुलीपाशी उभं असणाऱ्याचं नाव घ्यावं, आणि आपण बिघडवली तर आपलं.