नवी आवृत्ती आणि हणमंतची पाटी

एका गावातल्या दूध संघात हणमंत नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. सांगितलेलं सगळं करायचा आणि अगदी तस्संच करायचा. तीन वर्षं हंगामी होता. कायम झाला तरच पलूस गावची सोयरीक जुळणार होती. मुलीच्या बापाने तसं स्पष्टच सांगितलं होतं.

तेवढ्यात बातमी आली. मोठ्या कचेऱ्यांचे प्रोग्राम कसे लिहायचे, याचे नियम ठरवणारी एक समिती परदेशात असते. तिच्या नियमांची नवी आवृत्ती येणार होती आणि ती संघाच्या संगणकावर बसवायची होती. कधी, ते समितीलाही ठाऊक नव्हतं.

संगणक विभागाच्या उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "हणमंत, ही आवृत्ती नीट बसव, म्हणजे अध्यक्ष तुझ्या कायम होण्याच्या ऑर्डरवर सही करतील. एक लक्षात ठेव. जुनं एकदम काढत नाहीत. आधी पाटी लावतात, पुढच्या आवृत्तीत जाणार म्हणून. त्याऐवजी काय वापरायचं तेही लिहितात."

"लक्षात ठेवतो मॅडम."

दुसऱ्या दिवशी फाटकावर नासक्या दुधाचे चार कॅन आले. वॉचमन म्हणाला, "ह्याचं काय तरी बगा." हणमंतने पाटी लावली. 'हे दूध पुढच्या आवृत्तीत काढले जाईल. त्याऐवजी ताजे वापरावे.'

आवृत्ती काही आली नाही. तीन दिवसांत वास मात्र गावभर गेला.

"अरे शहाण्या," मॅडम म्हणाल्या, "आंबट वास आला की थांबायचं नाही. ओतून मोकळं व्हायचं."

"लक्षात ठेवतो मॅडम."

सोमवारी तो दही विभागात गेला. आंबट वास आला. त्याने दोनशे लिटर दही गटारात ओतलं आणि हात धुतले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "काहीही काढण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारायचं. उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही."

"लक्षात ठेवतो मॅडम."

अखेर नवी आवृत्ती आली. संगणकाने विचारलं, जुनी काढू का? हणमंतने परदेशच्या समितीला पत्र टाकलं आणि हाताची घडी घालून बसला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की आपला दूध संघ कोणता, ते कळले नाही.

मॅडम आता रडायच्या बेतात होत्या. "अरे बाबा, आपल्या संघात जुनं काय झालंय ते आपणच ओळखायचं. कुणाला विचारायचं नाही. रीत पहिल्या दिवशी सांगितली होती, तीच करायची."

"आता पक्कं लक्षात ठेवतो मॅडम."

आणि खरोखरच त्याने आवृत्ती बसवली. झकास चालली. मॅडमनी देवापुढे साखर ठेवली.

वार्षिक सभेचा दिवस उजाडला. अध्यक्ष आबासाहेब पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत होते. हणमंतची ऑर्डर खिशात घालून ते व्यासपीठावर आले, बसले आणि पेनाचं टोपण काढलं. समोरचे सातशे सभासद हळूहळू हसू लागले. आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं. खुर्चीच्या उंच पाठीवर, त्यांच्या डोक्याच्या वर, सुबक अक्षरात पाटी होती.

'हे अध्यक्ष जुने झाले आहेत. पुढच्या आवृत्तीत काढले जातील. त्याऐवजी उपाध्यक्ष वापरावेत.'

सभेने तो ठराव समजून एकमताने मंजूर केला. आबासाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि सही न झालेली ऑर्डर खिशात घेऊन घरी गेले.