भामाकाकींसमोरचा खंड्या

"पण काका, ओळखणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?" वृंदानं विचारलं. "समोर माणूस आलं, यानं दखल घेतली. झाली की ओळख!"

बाबल मेस्त्री हातातला खंड्या उलटासुलटा करून बघत राहिले.

खंड्या प्लास्टिकचा होता, पण रूप त्यांच्याच खंड्याचं होतं. तीच लांब चोच, तीच आखूड शेपटी, आणि पाण्यात काहीतरी हललेलं दिसावं तशी किंचित कललेली मान. सावंतवाडीच्या त्या आळीत पन्नास वर्षं मेस्त्री पांगाऱ्याच्या लाकडातून हा पक्षी घडवत आले होते. गावात खेळणी करणारी घरं बरीच होती. खंड्या मात्र त्यांचाच.

"ठेवा ना खाली, काका. आणि हात हलवा समोर."

मेस्त्रींनी तो पडवीतल्या पाटावर ठेवला आणि हात हलवला.

खंड्याच्या पंखांखाली निळा उजेड फुटला. मान वर झाली. पंख दोनदा फडफडले आणि छातीतून बारीक शीळ आली. वृंदा उठून दुसऱ्या बाजूला गेली, तर मानही तिच्या मागं वळली.

"सहा फुटांवरून कळतं त्याला," ती म्हणाली. "पोटात सेन्सर आहे. अंगाची ऊब हलली की टिपतो. दोन वर्षं खपले मी याच्यासाठी. मुलं वेडी होतात अगदी, काका. म्हणतात, हा आम्हाला ओळखतो."

"छान फडफडतो," मेस्त्री म्हणाले.

वृंदाला एवढं पुरणार नव्हतं.

तिचे वडील याच आळीत समोर राहायचे, पोस्टात होते. दहा वर्षांची असताना एका मे महिन्यात ती या पडवीत येऊन बसली, आणि पुढं सहा सुट्ट्या उठलीच नाही. तिला शिकवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. लाकूड कातायचा लेथ पायानं फिरायचा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकली की लाख वितळून लाल रेघ उमटायची, आणि वरून केवड्याचं पान दाबून धरलं की तीच रेघ आरशासारखी चमकायची. त्या वासानं तिची दुपारची झोप गेली ती गेलीच. मेस्त्री कधी शाबास म्हणायचे नाहीत. बरं जमलं तर फक्त पुढचं लाकूड हातात द्यायचे.

आता ती पुण्यात खेळणी बनवत होती. हाताखाली चार माणसं होती. तरीही ते लाकूड अजून कुणीतरी हातात द्यावं, असं तिला वाटत होतं.

"काका, मी एक मागायला आलेय. याच्या खोक्यावर तुमचं नाव घालू? 'बाबल मेस्त्रींचा खंड्या' असं. रूप तुमचं आहे. तुमच्या 'हो'शिवाय मी बाहेर काढणार नाही."

मेस्त्रींनी कमरेच्या फडक्याला हात पुसले.

"खंड्या माझा नाय गो."

"म्हणजे?"

"लाकूड मी कातलं. मान वाकडी ठेवायची ते भामानं सांगितलं. डोळे तिनं काढले. जन्मभर तिनंच काढले… तिचा आहे तो. तिला विचार."



भामाकाकी माजघराच्या दारात खाटेवर होत्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, आणि सहा महिन्यांनी दुसरा. तेव्हापासून हात नाही, पाय नाही, बोलणं नाही. खाट दाराशी लावली होती ती लाखेचा वास तिथवर येतो म्हणून. केस नीट विंचरलेले होते. कपाळावर कुंकू होतं, जरासं तिरकं… नवऱ्याच्या हातानं लावलेलं.

"काका…" वृंदाचा आवाज खाली आला. "काकींना कसं विचारणार?"

"तुझा पक्षी ओळखतो ना माणसं?"

मेस्त्रींनी खंड्या उचलला. सावकाश चालत खाटेपाशी गेले. औषधाच्या बाटल्यांचं स्टूल पुढं ओढलं, बाटल्या बाजूला केल्या आणि खंड्या काकींकडं तोंड करून ठेवला. त्यांचा हात मागं आला तशी खंड्यानं मान वर केली. निळा उजेड काकींच्या चेहऱ्यावर पडला. पंख फडफडले, शीळ वाजली.

मग ते पाठीमागं भिंतीशी येऊन वृंदाच्या शेजारी उभे राहिले.

दोघंही हलली नाहीत.

काकी पडून होत्या. डोळे उघडे होते.

खंड्याचे पंख मिटले. शीळ थांबली.

वृंदाला पुढचं ठाऊक होतं. साठ सेकंद. तिनंच ठरवलेला आकडा होता तो. मुलं खेळ सोडून निघून गेली तर बॅटरी वाया जाऊ नये म्हणून.

काहीतरी करावं, हात हलवावा, खोकावं… तिला वाटलं. पण मेस्त्री शेजारी होते आणि ते खंड्याकडं नाही, काकींकडं बघत होते.

खंड्याची मान टक् करून खाली गेली.

उजेड विझला.

"आता काय झालं त्याला?" मेस्त्रींनी विचारलं.

"झोपला."

"का झोपला?"

"समोर हालचाल नसली की झोपतो."

"म्हणजे तो काय समजला?"

यंत्राच्या प्रत्येक अवस्थेला नाव द्यावं लागतं. उजेड लागतो ती एक, मान वळते ती दुसरी. उजेड विझतो त्या अवस्थेला एका संध्याकाळी चहा पिता पिता तिनंच नाव दिलं होतं. पुन्हा विचारसुद्धा केला नव्हता त्याचा.

"सांग ना गो."

"…कुणी नाही."

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो खाटेपर्यंत पोचलेला ऐकू आला.

मेस्त्री रागावले नाहीत. त्यांनी नुसती मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकानं लाकडाचं नाव बरोबर सांगावं तशी.

वृंदा पुढं धावली. खंड्या उचलून तिनं त्याच्या पोटाचं झाकण उघडलं. आत सेन्सरची तीव्रता वाढवायचा एक बारीक स्क्रू होता, तो नखानं पार शेवटापर्यंत फिरवला. परत ठेवला. मागं सरकली. तिच्या सरकण्यानं खंड्या जागा झाला, शीळ घालत फडफडला, आणि मिनिटभरानं पुन्हा मान टाकून विझला.

"हा साधा सेन्सर आहे, काका," ती भराभर बोलू लागली. "याला बारीक हालचाल नाही कळत. पण करता येतं. छोटा कॅमेरा बसवला तर पापणी हललेलीसुद्धा टिपता येते. श्वासानं छाती वरखाली होते, तीसुद्धा. सहा महिने द्या मला. काकींसाठी म्हणून वेगळा करीन मी. पापणी मिटली की उजेड लागेल, असा…"

"कर," मेस्त्री म्हणाले. "चांगलंच आहे ते."

तिनं सुस्कारा सोडला.

"तू घरात आल्याला किती वेळ झाला?"

"तास झाला असेल. का?"

"भामाशी काय बोललीस?"



ती आली तेव्हा दारातून तिला खाट दिसली होती. तिनं नजर खाली घातली होती. मेस्त्रींच्या पाया पडली होती. आणि मग खाटेवरून पलीकडं बघत तिनं विचारलं होतं, "काकी कशा आहेत?" विचारलं मेस्त्रींना. काकी तीन हातांवर होत्या. मेस्त्री म्हणाले होते, "आहे." आणि तिनं पिशवीतून खंड्या काढला होता.

आळीतून एक रिक्षा गेली.

वृंदानं स्टुलावरचा खंड्या घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि तो खाली जमिनीवर ठेवला. स्टूल खाटेजवळ ओढून ती बसली.

"काकी, मी वृंदा!" ती मोठ्यानं म्हणाली. "केळुसकरांची! आठवतंय का?"

"बहिरी नाय ती," मागून मेस्त्री म्हणाले. आणि लेथकडं निघून गेले.

वृंदानं काकींचा हात हातात घेतला. हात हलका होता. बोटांच्या टोकांना अजून थोडा पिवळा रंग होता… की तिला तसं वाटलं?

ज्याचं उत्तर येणार नाही असं बोलायची तिला सवय नव्हती.

"मी आले तेव्हा तुमच्याशी बोलले नाही," ती शेवटी म्हणाली. "मला भीती वाटली."

काकींचे डोळे होते तिथंच होते.

"तुम्ही रागावलाय का, तेही कळत नाही मला…"

पडवीत लेथ सुरू झाला. लाखेचा वास आला. आणि त्या वासाबरोबर, कोण जाणे कसं, तिला एक पोपट आठवला.

"काकी, तो पोपट! बारा वर्षांची होते मी. तुम्ही पहिल्यांदाच माझ्या हातात डोळ्याचा कुंचला दिला होता. म्हणाला होतात, श्वास धर आणि टेकव, ओढू नकोस. मी एक डोळा काढला, बरा झाला. दुसऱ्याला शिंक आली मला. तो डोळा एवढा मोठा झाला! मी रडायला लागले. तुम्ही पोपट हातात घेतलात, लांब धरून बघितलात, आणि म्हणालात, याला काहीतरी नवल दिसलंय. असू दे त्याला बघत."

ती हसली. मग तिला थांबता येईना. केवड्याचं पान आणायला काकींबरोबर ओढ्यावर जायची, आणि काटे बोचले की काकी जखमेवर फुंकर घालताना नवऱ्यालाच शिव्या द्यायच्या, ते तिनं सांगितलं. लाखेनं पोळलेल्या बोटांनी खाल्लेली गरम घावनं, वर नारळाचा गोड रस. वडिलांची बदली झाली त्या दिवशी काकी दारात आल्याच नाहीत, आतूनच म्हणाल्या, जा, उशीर होईल. त्याचा तिला किती वर्षं राग होता, तेही सांगितलं. पुण्याची खोली, दोन वर्षांतल्या फसलेल्या चाळीस खंड्यांची टोपली. आई गेली तेव्हा कुणालाच फोन केला नाही, ते. एवढं सगळं ती कुणाशी बोलली नव्हती.

दुपार कलली. दारातलं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं.

मग तिनं खंड्याचं विचारलं. दोन्ही हातांत धरून, बंदच, काकींना तो चारी बाजूंनी दाखवला. "याच्यावर तुमचं नाव घालू का?" म्हणाली. आणि थांबली. उत्तराची वेळ जाऊ दिली… पुरती जाऊ दिली.

काकींच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. डोळे तिच्याकडं होते. मघाशीही तिच्याकडंच होते का, हे तिला सांगता आलं नसतं. मघाशी तिनं बघितलंच नव्हतं.

लेथ थांबला. मेस्त्री आत आले. पेल्यातलं पाणी चमच्यानं बायकोच्या ओठांना लावलं, हनुवटी पुसली.

वृंदा उठली. उद्या सकाळी सातची तिची गाडी होती. परवा पुण्यात माणसं खंड्या बघायला येणार होती. तिनं डोळे पुसले, पिशवी घेतली आणि पडवीच्या पायरीपर्यंत गेली. तिथं थबकली.

"काका… एवढं बोलले मी. त्यांना कळलं असेल का हो?"

मेस्त्री चमचा धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या किती वाजता येशील," ते म्हणाले, "ते तिला सांगून जा."